प्रश्न तुमचे : 'डंडी'च्या पलीकडचा ऑस्ट्रेलिया

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे जायचं ठरतंय, म्हणून 'क्रोकोडाइल डंडी' पुन्हा पाहिला. तिथले आदिवासी खरंच तसे आहेत का? आणखी काय पाहावं? तिकडच्या चित्रपटांच्या सुरुवातीला मृत व्यक्तींविषयी सूचना का असते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : 'डंडी'तला (1986) आदिवासी नेव्हिल आठवतो? अमेरिकन बाई त्याचा फोटो काढू लागते, तो नको म्हणतो. आत्मा कॅमेऱ्यात अडकेल अशी याची समजूत असणार, असं तिला वाटतं. तो म्हणतो, लेन्सचं झाकण काढायचं राहिलंय! त्या चित्रपटातला माझा आवडता प्रसंग एवढाच. जमिनीसाठी भांडणं म्हणजे कुत्रा कुणाचा यावरून दोन पिसवांनी भांडणं, असं त्यातला गोरा नायक डंडी ऐकवतो. ज्यांची जमीन गेली नाही त्यांना असले विनोद बरे सुचतात.

नेव्हिल झालेत डेव्हिड गुल्पिलिल, उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधले, योलंगू समाजाचे. माझं ऐकाल तर याद्या करत बसू नका, या एका नटाचा माग काढा. 'वॉकअबाउट'मध्ये (1971) रानात अडकलेल्या दोन गोऱ्या भावंडांना ते जगवतात. बोलतात स्वतःच्या भाषेत, पण सबटायटल्स नाहीत. वाळवंट इतकं देखणं टिपलंय आणि माणूस मुद्दाम गूढ ठेवलाय, याचा मला अजून राग येतो.

'टेन कनूज' (2006) मात्र चुकवू नका. यात वाळवंट नाहीच. दलदल, मगरी, पाणपक्ष्यांची अंडी. निवेदन गुल्पिलिल यांचं, पात्रं योलंगू भाषांत बोलतात आणि इथे सबटायटल्स आहेत. माणसं एका रांगेत चाललेली असतात, मागचा अडून बसतो : पुढे कुणीतरी पादतंय, मी शेवटी चालणार नाही! मग 'चार्लीज कंट्री' (2013) बघा. त्याची पटकथा दिग्दर्शकाबरोबर गुल्पिलिल यांनीच लिहिली. म्हाताऱ्या चार्लीची बंदूक पोलीस नेतात. तो भाला करतो, तर घातक शस्त्र म्हणून तोही जप्त. या भूमिकेसाठी 2014 मध्ये कान महोत्सवाच्या 'अँ सर्तेँ रगार' विभागात त्यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

सूचनेबद्दल : तिथल्या बऱ्याच आदिवासी समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, छायाचित्रही पाहत नाहीत. आप्तांना तो अवचित पडद्यावर दिसू नये, म्हणून आधी सांगतात. गुल्पिलिल 2021 मध्ये गेले.

मेलबर्न म्युझियममधल्या बुंजिलाका या आदिवासी संस्कृतीच्या दालनासाठी एक दुपार राखून ठेवा. आणि मे-जूनमध्ये जाणार असाल तर स्वेटर घ्या, तिथे तेव्हा थंडी असते.