खडी उतरवून घ्यायची की परत पाठवायची?

प्रश्न : जुळे सोलापुरात घर बांधतोय. स्लॅबसाठी आलेल्या काळ्या खडीवर पांढरट भुकटी आहे, काही दगडांत पांढरे ठिपके आहेत. ठेकेदार नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या म्हणतो. काय करावं?

उत्तर : ठिपक्यांचं नंतर, आधी भुकटी. बादलीभर खडी पाण्यात खळबळा. पाणी चिखलासारखं गढूळ झालं, तर धुतल्याशिवाय ती वापरू नका. भुकटीमुळे सिमेंट दगडाला नीट धरत नाही, पाणीही जास्त मागतं. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकानुसार ७५ मायक्रॉनखालची (०.०७५ मिमीपेक्षा बारीक) भुकटी खडीत वजनाच्या १ टक्क्यापर्यंतच चालते.

आपल्याकडचा दगड बेसाल्ट. त्याच्या जुन्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट ही पांढरट खनिजं भरली की ठिपके दिसतात. तुरळक असतील तर हरकत नाही. दगड तांबूस, सच्छिद्र आणि हातोडीच्या हलक्या घावाने भुगा होणारा असेल, तर ट्रक परत पाठवा. शंका उरलीच तर प्रयोगशाळेत आघात चाचणी करून घ्या. ठोके दिल्यावर किती टक्के खडीचा चुरा होतो ते तिच्यात मोजतात : स्लॅबला ४५ टक्क्यांपर्यंत चालतं, झिजणाऱ्या फरशीला किंवा रस्त्याला ३०. चांगला काळा दगड याच्या बराच खाली राहतो.

चपट्या खडीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. २० मिमीच्या खडीत साधारण ११ मिमीपेक्षा पातळ तुकडा चपटा धरा. चपटे आणि लांबट मिळून ४० टक्क्यांच्या आत हवेत. जास्त असले की काँक्रीट सळयांमध्ये अडकतं आणि खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. नुसत्या जॉ क्रशरच्या (दोन जबड्यांत दगड चिरडणाऱ्या यंत्राच्या) मालात हे जास्त आढळतं.

क्रश सँड खुशाल वापरा, पण क्रशरची डस्ट (खडी फोडताना उरलेली भुकटी) त्या नावाने गळ्यात पडू देऊ नका. नदीच्या वाळूसाठी बाटलीची चाचणी आहे : मोजपात्रात १ टक्का मिठाचं ५० मिली पाणी, १०० मिलीच्या खुणेपर्यंत वाळू, मग १५० पर्यंत पुन्हा तेच पाणी, जोरात हलवून ३ तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. हीच चाचणी क्रश सँडला लावून चांगला माल नापास करणारे बरेच आहेत. क्रश सँडमध्ये दगडाचीच पूड असते, मातीचा गाळ नव्हे. म्हणून ७५ मायक्रॉनखालच्या पुडीला नैसर्गिक वाळूत वजनाच्या ३ टक्के, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ही पूड ७५ मायक्रॉन चाळणीवर धुऊनच मोजावी.

ढीग थेट काळ्या मातीवर टाकू नका, खाली मुरूम पसरा.

प्रश्न : उन्हाळ्यात खडी आदल्या दिवशी भिजवावी का?

उत्तर : हो, संध्याकाळीच. एम २० काँक्रीटच्या नॉमिनल मिक्समध्ये (ठरलेल्या प्रमाणाच्या मिश्रणात) सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला सुमारे १६५ किलो खडी आणि जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. कोरड्या खडीने दीड टक्का पाणी शोषलं तरी अडीच लिटर गेलं, आणि मग मिस्त्री अंदाजाने बादली ओततो. सकाळी मात्र वरचं पाणी निथळून जाऊ द्या. खडी ओलसर हवी, ठिबकणारी नको.