वेल्डर मुलगा, व्हिजिट व्हिसा आणि एक एकर रान

पत्र: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. दहावी पास, यंदा आयटीआयमधून वेल्डर झाला. तालुक्याच्या गावचा एक एजंट म्हणतो, एक लाख ऐंशी हजार द्या, महिन्याभरात दुबईला पाठवतो. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथं गेल्यावर कंपनी पक्का व्हिसा काढते म्हणे. त्याचे वडील एक एकर रान गहाण टाकायला निघालेत. मुलाचा एक वर्गमित्र जर्मन शिकतोय, त्यामुळे त्याच्या डोक्यात तेही घोळतंय. मला त्याची वाट अडवायची नाही, पण रात्र रात्र झोप लागत नाही. पाठवू का?

ताई,

मुलाला परदेशी पाठवायला माझी हरकत नाही. या एजंटच्या हाती आणि रान गहाण टाकून पाठवायला मात्र आहे. एवढा व्यवहार तुम्ही आजच थांबवा. थोडाफार विसार दिला गेला असेल तर लायसन्स नंबर छापलेली पावती मागा. ती द्यायला तो का-कू करायला लागला, की घरात समजूत घालायचं तुमचं काम सोपं होईल.

व्हिजिट व्हिसा हा पाहुण्याचा परवाना आहे. संयुक्त अरब अमिरातीत त्यावर काम करणं बेकायदा आहे. सापडला तर मुलाला दंड होतो, परत धाडतात. एजंट म्हणतो त्यात अर्धं खरं आहे: आत गेल्यावर स्टेटस, म्हणजे व्हिसाचा प्रकार, बदलून घेता येतं. पण त्यासाठी एखाद्या कंपनीनं त्याच्या नावावर वर्क परमिट काढावं लागतं, आणि ती कंपनी कोणती हे एजंटनं तुम्हाला सांगितलेलं नाही. म्हणजे मुलगा तिथं उतरणार, एका खोलीत आठ-दहा जणांत राहणार आणि काम शोधत फिरणार. व्हिसाची मुदत संपत आली की जे मिळेल ते पत्करणार. पगार बुडवला तर हातात करारच नाही, तक्रार कशाच्या जोरावर करायची? माझ्याकडे परत आलेली मुलं येतात, त्यातली बरीचशी याच वाटेनं गेलेली असतात. ती कामाला कमी पडली नव्हती. घरी कर्ज होतं, म्हणून कुठल्याच गोष्टीला नाही म्हणू शकली नाहीत. मला तुमच्या एकराची काळजी वाटते ती याचसाठी. गहाण पडलेलं रान मुलाच्या पाठीवर बसून परदेशी जातं.

एक गोष्ट एजंट सांगणार नाही. तुमचा मुलगा दहावी पास आहे, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी’ असा, शिक्का येणार नाही. दहावीच्या आत शिकलेला मुलगा आखाती देशात कामाला निघाला की त्याचा करार भारत सरकारच्या एमिग्रेशन कार्यालयाच्या नजरेखालून जातो, मगच त्याला परवानगी मिळते. दहावी पास झालेल्याला ती परवानगी लागत नाही. लोकांना ही सोय वाटते. पण याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या मुलाचा करार सरकारी माणूस वाचणार नाही, तो तुम्हालाच वाचावा लागेल.

एजंट खरा की खोटा हे ताडायला अंदाज लागत नाही. परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात नाव आणि नंबर बघा. ‘मी मुंबईच्या अमक्या ऑफिसचा माणूस’ असं म्हणणारा मधला दलाल त्यात नसतो, आणि कायद्याला तो मान्यही नाही. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. तुमच्याकडे मागितलेत एक लाख ऐंशी हजार. शिवाय अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानं भरतीचा आणि कामावर घेण्याचा खर्च मालकावर टाकलाय, कामगाराकडून तो घेता येत नाही. मग हे पैसे कशाचे, हा प्रश्न त्याच्या वडिलांनी एजंटला समोरासमोर विचारावा. तुम्ही विचारलंत तर ‘बाईमाणसाला काय कळतं’ म्हणून उडवून लावतील. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

आता मुलाच्या हाताविषयी, कारण सगळी मदार त्यावर आहे.

वेल्डरचा आयटीआय एक वर्षाचा. तेवढ्यात रॉड धरायची सवय होते, प्लेटवरचा जोड बरा येतो. आखातात चांगला पगार मिळतो तो पाइपवाल्याला, म्हणजे रिफायनरी, गॅस प्लांट आणि पॉवर प्लांटच्या कामाला. तिथली ट्रेड टेस्ट बहुधा सिक्स-जीची असते: पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरून खालून, बाजूनं, वरून जोड पुरा करायचा. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, टिगनं (गॅसच्या आडोशानं करायचं बारीक वेल्डिंग), वरचे पास, म्हणजे थर, रॉडनं. मग जोडाचा एक्स-रे काढतात आणि आत बारीक हवा राहिली असली तरी ती फोटोत दिसते. आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला मुलगा यात एकदम पास होईल असं मी म्हणणार नाही. वर्ष-दीड वर्ष रोज पाइपवर हात बसला तर होईल. हा हात बसलेला वेल्डर आणि नुसता ‘वेल्डर’ यांच्या पगारात मोठी तफावत असते, आणि हेल्परच्या व्हिसावर गेलेल्याला तर वेल्डिंग करूनही हेल्परचाच पगार मिळतो.

म्हणून माझा आग्रह असा, की पुढचं एक वर्ष त्यानं अ‍ॅप्रेंटिसशिप करावी. १९६१ च्या कायद्याखालची ही योजना आहे, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळतं. अ‍ॅप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवता येतं. पण जागा निवडताना विद्यावेतनाच्या आकड्याआधी तिथं कसलं काम चालतं ते बघावं. गेट-ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये वर्ष काढलं तर पाइप हाताला लागणार नाही. बॉयलर, प्रेशर व्हेसल, साखर कारखान्याचं किंवा केमिकल प्लांटचं पाइपिंग जिथं चालतं, तिथं त्यानं चिकटावं. आणि एजंटच्या भरवशावर सहा-सहा महिने घरी बसू नये. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेचे नियम अशा कामात चालतात. त्यांत वेल्डरनं त्या पद्धतीनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर त्याची पात्रता संपते. हातही तेवढ्यातच जड होतो, हे कुठलाही जुना वेल्डर सांगेल.

त्यानंतर रीतसर कंपनीचं ऑफर लेटर आलं, तर ते घेऊन एक तास शांत बसा. एकूण पगाराच्या आकड्यावर जाऊ नका, मूळ पगार किती लिहिलाय ते शोधा. ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी अमिरातीत मूळ पगारावर मोजतात. एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार अगदी लहान लिहिलेले करार मी पाहिले आहेत. दोन वर्षांनी हिशेब होतो तेव्हा पोरं डोक्याला हात लावतात. मग पदाचं नाव बघा: ‘वेल्डर’ लिहिलंय की ‘लेबर’? राहायची सोय, येण्या-जाण्याचं तिकीट आणि कामाचे तास लेखी आहेत का? न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी. मदतनीसाची नोकरी म्हणून रशियाला नेलेली आपली मुलं युद्धाच्या आघाडीवर जाऊन पडली, हे २०२४ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं.

तिथं पोचल्यावर पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही. काढून घेणं तिकडच्या कायद्यातही बसत नाही. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा नंबर निघण्याआधी मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

जर्मनीचं वेगळं आहे. त्यासाठी धीर लागतो, पण १९ व्या वर्षी मुलाकडे वेळ आहे, म्हणून मला ती वाट त्याच्यासाठी मनापासून आवडते. तिथं वेल्डर असा स्वतंत्र, पूर्ण मुदतीचा ट्रेड नाही. वेल्डिंग हे मेटलबाउअर, कॉन्स्ट्रुक्सिओन्समेखानिकर, आनलागनमेखानिकर अशा ट्रेडच्या पोटात येतं, आणि हे प्रत्येकी साडेतीन वर्षांचे आहेत. आपला एक वर्षाचा आयटीआय त्यांच्या साडेतीन वर्षांच्या बरोबरीनं मोजला जाणं अवघड आहे. त्यामुळे ‘आयटीआय झालाय, थेट नोकरी लावतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. खरी वाट आउसबिल्डुंगची. मुलगा एखाद्या कंपनीशी प्रशिक्षणाचा करार करतो, आठवड्यातले काही दिवस तिथं काम शिकतो, उरलेले दिवस सरकारी व्यवसायशाळेत जातो. मध्ये आणि शेवटी परीक्षा असते. प्रशिक्षणाची फी नसते, उलट दरमहा पगार मिळतो. २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान पगार महिना ६८२ युरो होता. धातुउद्योगात युनियनचे करार असलेल्या मोठ्या कंपन्या हजाराच्या पुढे देतात. किमान पगारात खोलीचं भाडं आणि विमा भागवताना ओढाताण होते, आणि पगार अपुरा दिसला तर उरलेल्या पैशांची सोय व्हिसाच्या वेळी दाखवावी लागते. हे आधीच माहीत असलेलं बरं.

अडसर भाषेचा आहे. बी-१ पर्यंतचं, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येतील एवढं, जर्मन साधारणपणे लागतंच, आणि ते पुरतंही कसंबसं, कारण व्यवसायशाळेतलं गणित, ड्रॉइंग, सुरक्षेचे नियम सगळं जर्मनमध्ये असतं. रोज तीन-चार तास दिले तर माझ्या मते दहा-बारा महिने धरून चाला. पुण्या-मुंबईत ग्योथे इन्स्टिट्यूट आहे, ज्याला आपण मॅक्स म्युलर भवन म्हणतो. शिकवणी कुठंही लावली तरी परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्यावी. प्रशिक्षणाची वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, म्हणून कंपन्यांकडे अर्ज त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी जायला हवेत. ते तो स्वतः करू शकतो. जर्मन सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ या संकेतस्थळावर सगळी माहिती फुकट आहे. पैसे खर्चायचेच असतील तर भाषेच्या वर्गावर खर्चा. एखादे वेळी जर्मनीला जाणं झालं नाही, तरी ते शिकलेलं कोणी काढून घेत नाही.

प्रशिक्षण सुरू झालं की पहिले एक ते चार महिने प्रोबेशनचा, म्हणजे एकमेकांना पारखायचा, काळ असतो, त्यात कंपनी किंवा मुलगा कारण न देता करार मोडू शकतो. पुढे मुलाचा दोष नसताना प्रशिक्षण मध्येच तुटलं, तर दुसरी जागा शोधायला कायद्यानं सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळतो. प्रशिक्षण पुरं करून दोन वर्षं कुशल कामगार म्हणून काढली, की बाकीच्या अटी पाळून कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुमची झोप उडते ती कदाचित या शेवटच्या वाक्यामुळेही असेल, ताई. तो तिकडेच राहिला तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगते, की ज्यांना घरून ‘नाही जमलं तर ये, काही बिघडत नाही’ असं आधीच ऐकायला मिळालेलं असतं, ती मुलं फोन करतात. ज्यांच्यापायी रान गेलेलं असतं, ती फोनवर ‘मजेत आहे’ म्हणतात आणि कित्येक महिने काही कळू देत नाहीत. पहिला हिवाळा, पहिली आजारपणं, दिवसभरात एकही मराठी शब्द कानावर न पडणं, हे सगळं तो निभावेल. ते लपवायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

तुमच्या पत्रात त्याच्या वडिलांचं म्हणणं आहे, एजंटचं आहे, वर्गमित्राचं आहे. मुलगा काय म्हणतो ते एका ओळीत उरकलंय. या आठवड्यात त्याला पासपोर्टचा अर्ज करायला लावा, तो कुठल्याही वाटेला लागणारच आहे. आणि मला पत्र त्यानं स्वतः लिहावं. किती इंची पाइपवर, कुठल्या पोझिशनला त्यानं आजवर जोड मारलेत, त्यातले किती साफ आले आणि किती कापून पुन्हा करावे लागले, तेवढं लिहू दे. मग तुमच्या जिल्ह्याजवळ पाइपिंगचं काम चालणाऱ्या अ‍ॅप्रेंटिसशिपच्या जागा कोणत्या, ते मी त्याला कळवते.