लगाम घरांना नको, कर्जाला हवा

भरपूर घरं बांधली की किमतींची उलथापालथ आपोआप थांबेल, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुटवडा असेल तर घरं महागतात, खरंय. पण महागाई वेगळी आणि अस्थिरता वेगळी. २००८ आधी स्पेन आणि आयर्लंडमध्ये बांधकाम धडाक्यात सुरू होतं. तरी किमती चढतच गेल्या, आणि पुढे तिथेच आपटल्या. अर्धवट इमारती तेवढ्या मागे उरल्या.

मूळ दुखणं कर्जात आहे. किंमत चढली की तारणाचं मोल वाढतं, बँक हात सैल सोडते आणि तोच पैसा किंमत आणखी चढवतो. उतरताना हेच चक्र उलटं फिरतं.

यावर सगळ्यांना चटकन सुचणारा उपाय म्हणजे घराच्या किमतीच्या अमुक टक्क्यांपुरतंच कर्ज. हाँगकाँगच्या बँकांनी १९९१ पासून ७० टक्क्यांची मर्यादा पाळली. १९९७ नंतर तिथल्या किमती निम्म्याहून खाली आल्या, तरी गृहकर्जांची थकबाकी मर्यादेतच राहिली. बँका वाचल्या. किमती मात्र कोसळल्याच ना? कारण हे ७० टक्के फुगलेल्या किमतीचेच. किंमत दुप्पट झाली की कर्जही दुप्पट मिळणार!

पगार असा दुप्पट होत नाही. म्हणून माझा कौल उत्पन्नाला बांधलेल्या मर्यादेला. ब्रिटनने २०१४ मध्ये ठरवलं की उत्पन्नाच्या साडेचार पट किंवा त्याहून मोठी कर्जं नव्या गृहकर्जांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आयर्लंडने २०१५ मध्ये साडेतीन पटीची मर्यादा आणली (बैल गेला नि झोपा केला, पण केला). यात पहिलं घर घेणारे अडतात, हा आक्षेप रास्त आहे. आयर्लंडने २०२३ पासून त्यांच्यासाठी ती चार पट केली.

करसवलतीचं मात्र मला वावडं आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली मुद्रांक शुल्कात तात्पुरती सूट दिली, तर २०२१ च्या जूनमध्ये मुदत गाठायला व्यवहारांची झुंबड उडाली. वार्षिक मालमत्ता कर चालू बाजारभावावर असेल तर तेजीत तो आपसूक ब्रेक लावतो. डेन्मार्कने २००२ च्या सुमारास नेमका तोच गोठवला. किमती वाढत गेल्या आणि कराचा भार त्या मानाने हलका होत गेला.