हीटर सोबत आणू का?

तुम्ही विचारलंत की डिसेंबरात अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला येताना पुण्यातला ऑइल हीटर सोबत आणावा का, आणि सासूबाई व तीन वर्षांची लेक ज्या खोलीत झोपतील तिथे तो रात्रभर चालू ठेवला तर चालेल का. दोन्हीचं उत्तर नाही.

पहिल्याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, इथे १२०. तुमचा हीटर इथे जेमतेम पाव उष्णता देईल, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून चालवायला गेलात तर हीटरच्या आधी तोच तापेल. बॅगेतलं ते वजन गोधडीला आणि मेतकुटाला द्या.

दुसऱ्या ‘नाही’बद्दल जरा सविस्तर लिहिते. जर्नल स्क्वेअरजवळ तुम्ही बघताय तसली तीन मजली जुनी लाकडी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. तळघरात बॉयलर आणि खोल्याखोल्यांत लोखंडी रेडिएटर. घर उबदार ठेवणं हे त्या बॉयलरचं, म्हणजे घरमालकाचं काम. न्यू जर्सीत बॉयलर मालकाच्या ताब्यात असेल तर १ ऑक्टोबर ते १ मे या काळात त्याने सकाळी ६ ते रात्री ११ पर्यंत घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट आणि उरलेल्या रात्री ६५ अंश ठेवायचे असतात. आपल्या हिशेबात साधारण २० आणि १८. आपली माणसं काय करतात, तर मालकाशी वाद नको म्हणून गप्प बसतात आणि दुकानातून हीटर आणतात. मग एका खोलीत एक, दुसरीत दुसरा. खरा धोका तिथून सुरू होतो. त्यापेक्षा खोलीत साधं थर्मामीटर ठेवा, त्याचा फोटो काढून तारखेसह मालकाला लेखी पाठवा, आणि तरीही हललं नाही तर सरळ महापालिकेकडे तक्रार करा. भाडं भरताय, उपकार मागत नाही आहात.

हीटर इतका का टाळायचा? ९ जानेवारी २०२२ ला हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या १९ मजली इमारतीत एका घरातला हीटर बिघडला आणि आग लागली. १७ माणसं गेली, त्यात ८ लहान मुलं. ज्वाळा फार लांब पोचल्याच नव्हत्या. त्या घरातली माणसं बाहेर पडल्यावर आपोआप मिटायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं, आणि धूर जिन्याने वर चढला. म्हणून कधी पळायची वेळ आलीच तर दार ओढून घ्यायचं. रात्री बेडरूमचं दारही लावून झोपायचं.

आता विजेचं. आपल्याकडे गीझरला, इस्त्रीला मोठं सॉकेट लागतं हे पोरालाही माहीत असतं. इथे दिव्याला आणि हीटरला एकच सॉकेट, त्यामुळे कुठे किती भार पडतो हे डोळ्यांना दिसतच नाही. इथला हीटर बहुधा १५०० वॉटचा, म्हणजे साडेबारा ॲम्पिअर ओढतो. खोलीची सगळी लाइन असते १५ ॲम्पिअरची. जुन्या घरात त्याच लाइनवर शेजारच्या खोलीची सॉकेटंही असतात. तिकडे कुणी हेअर ड्रायर लावला की ब्रेकर, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, उडतो. ब्रेकर उडला तर उलट बरं. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावला तर ब्रेकर शांत राहतो आणि बोर्ड आतून भाजत जातो. आमच्या ओळखीतल्या एका घरी असा बोर्ड सोफ्यामागून काढला, तेव्हा पांढरं प्लॅस्टिक पिनांभोवती तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. वास कुणाला आला नव्हता, कारण सोफ्यावर उदबत्तीचा स्टँड.

तरी एखाद्या कडाक्याच्या संध्याकाळी हीटर लागेलच, तर इथलाच घ्या. यूएलचा, म्हणजे विजेच्या वस्तूंची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का असलेला आणि कलंडला की आपोआप बंद होणारा बघा. तो थेट भिंतीतल्या सॉकेटात लावायचा, वायर गालिच्याखालून न्यायची नाही. पडदा, पलंग, पांघरूण, वाळत घातलेले कपडे हे सगळं चारी बाजूंनी तीन फूट लांब. आणि झोपताना किंवा खोलीतून उठताना तो बंद. सासूबाईंना थंडी सोसत नसेल तर रात्रीसाठी गरम पाण्याची पिशवी बरी.

गॅसचा ओव्हन उघडा ठेवून स्वयंपाकघर गरम करायची एक युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. ऐकू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस थकवा समजून झोपून जातो. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म आहे ना, ते घर बघतानाच पाहा. लागोपाठ तीन बीप म्हणजे धूर, चार म्हणजे हा वायू. मिनिटाभराने एकदाच टिक झालं तर बॅटरी संपत आलीय.

धुराच्या अलार्मचं आणि आपलं वैर फोडणीपासूनचं. मोहरी तडतडली, मिरची पडली की छतावरचा डबा किंचाळतो, मूल घाबरून रडतं, मग कुणीतरी खुर्चीवर चढून त्यावर शॉवर कॅप घालतं आणि ती तिथेच राहते. असं करू नका. गप्प करायचं बटण त्यावरच असतं. फोडणीआधी खिडकी चार बोटं उघडा, कारण जुन्या घरांतला पंखा पुष्कळदा धूर बाहेर न टाकता गाळून परत आतच सोडतो. अलार्म शेगडीपासून दहा फुटांच्या आत असेल तर मालकाला सांगून हलवून घ्या.

कपडे वाळवायचा ड्रायर असेल तर त्याच्या जाळीतला कापूस दर खेपेला काढायचा. रेडिएटरवर मोजे वाळवायचे नाहीत. तुम्ही याल तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार असतील. निरांजन खोल ताटात ठेवा, आणि घरातून निघताना शांत करून निघा.

भाडेकरारावर सही करण्यापूर्वी दोन खिडक्या स्वतः उघडून बघा. जुन्या घरांत रंगाचे थरांवर थर बसून त्या चिकटलेल्या असतात. दुसऱ्या मजल्यावरून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, तेही विचारा. आल्यावर सासूबाईंना ९११ लावायला शिकवा आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत फोनपाशी लावून ठेवा. इंग्रजी नसलं तरी अडत नाही. ‘हिंदी’ म्हटलं तरी दुभाषा जोडून द्यायची सोय असते, पण पत्ता मात्र तोंडपाठ हवा.