भाषणाच्या आधीचा दीड महिना

अगं, तुझा मेल वाचला. कंत्राटी सफाई कामगारांवर फिल्म करतेयस हे वाचून खूप बरं वाटलं, पण तू लिहिलंयस की क्लायमॅक्सला मोठ्या नेत्याचं भाषण हवं, तिथे मी जरा थबकलो.

आधी 'ॲट द रिव्हर आय स्टँड' ही डॉक्युमेंटरी बघ. 1993 ची आहे, तासाभराची, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सफाई कामगारांच्या 1968 च्या संपावर. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथेच गोळी घालून मारलं, 4 एप्रिलला, लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत, म्हणून आपल्याला मेम्फिस माहीत. पण संप सुरू झाला होता 12 फेब्रुवारीला. त्याच्या काही दिवस आधी, 1 तारखेला, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघं पावसात आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसले आणि कचरा दाबायचं मशीन चालू होऊन त्यातच चिरडून मेले. मग जवळपास 1300 माणसं कामावर गेली नाहीत. आणि भांडण कुठे अडलं माहितीये? पगारवाढीची मागणी होतीच, पण शहराचा मेयर लोब युनियनला मान्यता द्यायला आणि वर्गणी पगारातून कापून द्यायला तयारच नव्हता. ऐकायला किती कोरडं वाटतं ना, वर्गणी! पण वर्गणी आली की युनियन टिकते, नाहीतर संप संपला की सगळे परत एकेकटे. 'आय ॲम अ मॅन', म्हणजे 'मी माणूस आहे', लिहिलेले ते बोर्ड गळ्यात घालून रोज चालणाऱ्या माणसांच्या मागे हा हिशोब होता, आणि मला तरी गरिबीविरुद्धचं संघटन म्हणजे हेच वाटतं. किंग गेल्यावर 16 एप्रिलला तडजोड झाली, त्यात मान्यता मिळाली आणि वर्गणीचाही मार्ग निघाला.

मग हेन्री हॅम्प्टनची 'आइज ऑन द प्राइज' बघ, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यावरची मालिका, 14 भाग आहेत, सावकाश बघ. त्यात बोलतात ते त्या घटनेत स्वतः असलेले लोक, बाहेरून मत देणारे तज्ज्ञ नाहीत. आणि एक व्यवहाराची गोष्ट, जुन्या फुटेजचे नि गाण्यांचे हक्क ठराविक वर्षांचेच घेतले होते, ते संपले आणि एवढी मोठी मालिका कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवता येत नव्हती. तू हक्कांचे कागद आत्तापासून नीट ठेव, प्लीज.

मी हे इतकं का सांगतोय, तर माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मी सगळी टेप पुढाऱ्यांवर घालवली. संपाच्या काळात एक बाई घरोघर फिरून दोनशे माणसांच्या भाकऱ्या गोळा करायच्या, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं राहूनच गेलं, दोन वर्षांनी गेलो तर त्या राहिल्या नव्हत्या. अजून टोचतं.

तुझ्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती, वर्गणीची वही ठेवणाऱ्या मावशींची. त्यांना याच आठवड्यात भेट, पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊ नकोस, वही कशी लिहितात ते नुसतं बघ, कोण उशिरा देतं आणि का ते विचार. आणि पुण्यात आलीस की हार्ड डिस्क घेऊन ये, आपण बसून बघू.

तुझा,
दादा