जुनी गाडी बघायला पहाटे जा

भाऊ, दिग्रसला रोज ये-जा करायला जुनी स्प्लेंडर घेतोस, बरोबरच आहे. पार्ट कुठेही मिळतात, गावचा मिस्त्रीही ती उघडतो.

पण दुपारी बघायला जाऊ नको. गरम इंजिन सहज चालू होतं, दोष लपतो, नवे इथेच फसतात. थंडीत सकाळी सहाला जा आणि आधी इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर मालकाने आधीच चालू केली होती. दुसऱ्या दिवशी परत जा. गार असेल तर चोक (गार इंजिन चालू करायला ओढायचा खटका) ओढून किक मार. चार-पाच किकांत उठायला हवी. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय, सोडून दे.

- आरसीवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) चेसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराशी स्वतः जुळव.
- १५ वर्षं उलटली असतील तर नोंदणी पुन्हा केलीय का बघ.
- टायर, ब्रेक, बॅटरीसाठी पैसे राखून ठेव.

नव्या रंगावर भुलू नको.