पाण्याचं भित्तिचित्र पहिल्यांदा काढताना

भेगाळलेली जमीन आणि रडणारी पृथ्वी काढू नका. ती सगळीकडे दिसते, म्हणून कुणी थांबत नाही. लोकांच्या रोजच्या मापात बोला. शहरी पुरवठ्याचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या नऊ बादल्या. त्या खऱ्या आकारात, ओळीने, मुलांचा हात पोहोचेल इतक्या खाली काढा. शेजारी टंचाईत गावाला टँकरनं द्यायचे माणशी २० लिटर: एक बादली भरलेली, दुसरीत तिसरा हिस्सा. लातूरमध्ये भिंत मिळाली तर २०१६ साली मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वेच काढा. तिथं वेगळं समजावावं लागत नाही.

खरी मेहनत भिंतीची. नवं प्लास्टर किमान २८ दिवस वाळू द्या. जुन्या भिंतीवर रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा. सकाळी आतून दव दिसलं तर ओल आहे, थांबा. ओलीवर रंगवलं की लोणा (भिंतीतले पांढरे क्षार) फुटतो आणि सगळ्यात आधी तळाच्या बादल्यांचेच पोपडे निघतात. गळती आधी बंद करा, लोणा कोरड्या ब्रशनं खरवडा, मग बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर आणि ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात. १०० चौरस फुटांना साधारण दोन लिटर रंग धरा. डिस्टेंपर पावसात धुऊन जातो.

मालकाची परवानगी लेखीच घ्या; मालमत्ता विद्रूपणाचा १९९५चा कायदा आहे. आणि ब्रश नळाखाली धुऊ नका, लोक बघत असतात. दोन डबे ठेवा, एक पहिल्या धुण्याला, दुसरा विसळायला.